जाहिरातीची शेवटची ओळ



दिवाळी तीन-चार आठवड्यांवर आली की सकाळच्या पेपरातून घरगुती फराळाची हँडबिलं पडायला लागतात. चकली, करंजी, शंकरपाळे, अनारसे अशी यादी असते. साजूक तूप, घरची चव, स्वच्छ पॅकिंग, सगळं लिहिलेलं असतं. आणि अगदी शेवटी, ठळक अक्षरात, 'एकदा अवश्य सेवेची संधी द्या'. खाली फोन नंबर.

वाचणारीला फराळ हवा असतो. नोकरी, मुलांच्या परीक्षा, यंदा घरी सगळं करणं जमणार नाही, हे तिनं ठरवलेलंही असतं. पण फोन कधी करायचा? अर्धा किलो देतात का? घरपोच मिळेल की आणायला जायचं? दर काय? यातलं काहीच कळत नाही, म्हणून 'संध्याकाळी बघू' म्हणत ती कागद बाजूला ठेवते आणि तो रद्दीत जातो. पदार्थात काही खोट नसते. गिऱ्हाईक हातचं जातं ते त्या शेवटच्या ओळीपाशी. आज मला छोट्या व्यावसायिकांशी या एका ओळीबद्दलच बोलायचं आहे.

मोठ्या कंपनीला नुसतं नाव लोकांच्या कानावर पडत राहिलं तरी चालतं, तेवढा पैसा तिच्याकडे असतो. आपल्या हजार हँडबिलांतून मात्र ऑर्डरीच यायला हव्यात. म्हणून ही ओळ अशी लिहून पाहा: 'या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं "फराळ" एवढं लिहून पाठवा, दरपत्रक लगेच येईल. अर्धा किलोपासून ऑर्डर घेतो. फोन करायचा असेल तर दुपारी २ ते ५.' इथे गिऱ्हाइकाकडे मागितलंय काय, तर एक शब्द. पैसे नाहीत, वचन नाही. तो शब्द आला की बोलणं सुरू झालं, पुढचं तुमच्या हातात. एका जाहिरातीत एकच गोष्ट मागावी. फोन करा, दुकानाला भेट द्या, पेज लाइक करा, मित्रांना सांगा, असं चारही एकदम लिहिलं की माणूस त्यातलं एकही करत नाही.

आता मुदतीचं. 'त्वरा करा', 'स्टॉक मर्यादित' हे शब्द इतके झिजलेत की डोळा त्यांच्यावर थांबतच नाही. पण अनारशाचं बघा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून कुटायचे, गुळात मळून ते पीठ काही दिवस मुरू द्यायचं. मग तसंच लिहा ना: 'अनारशाचं पीठ मुरायला वेळ लागतो, म्हणून अनारशांची ऑर्डर वसुबारसेच्या दहा दिवस आधीपर्यंतच घेऊ.' ही मुदत खरी आहे आणि ती वाचताना तुमचं काम मन लावून चालतं हेही कळतं. खोटी घाई मात्र करू नका. 'शेवटचे दोनच बॉक्स' असं आठवडाभर रोज टाकणाऱ्यावर पुढच्या वर्षी कोण विश्वास ठेवील? शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत खोटी निकड दाखवणं हा पहिलाच प्रकार नोंदवला आहे.

आपल्याकडच्या जुन्या मासिकांतल्या जाहिराती काढून वाचाव्यात असं मला नेहमी वाटतं. पुस्तक असो की औषध, शेवटी किंमत, टपालखर्च आणि 'व्ही. पी.ने मागवा'. ही व्ही. पी.ची सोय आपल्या टपाल खात्यानं १८७७ मध्ये सुरू केली. पोस्टमन पार्सल दारात आणणार, पैसे तेव्हा द्यायचे. लांबच्या गावातला माणूस पुण्या-मुंबईच्या न पाहिलेल्या दुकानावर भरवसा ठेवायचा, कारण आधी पैसे अडकत नव्हते. शेवटच्या ओळीनं गिऱ्हाइकाची भीती काढायची असते, ती अशी. 'चकली आवडली तरच पुढची ऑर्डर द्या, नमुन्याचं पाकीट दहा रुपयांना' हे आजही त्याच जातीचं वाक्य आहे. मात्र लिहिलंत तर पाळायला हवं.

जागा बदलली की ओळही बदलायला हवी. रिक्षाच्या पाठीवरची जाहिरात मागचा स्कूटरवाला वाचतो, तो नंबर कुठे उतरून घेणार? तिथे 'मारुती मंदिरासमोर, पिवळी पाटी' एवढं पुरे. दुकानाच्या काउंटरवर क्यूआर कोड चालतो, उंच फलकावर त्याचा उपयोग नाही. आणि रेडिओवर ऐकणारीचे हात कणकेत असतात. तिथे नंबरापेक्षा दुकानाचं नाव आणि चौक दोनदा सांगा.

कोणती ओळ चालते हे आपण घरी बसून ठरवू शकत नाही, ते मोजावं लागतं. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकारानं १९२३ च्या आपल्या पुस्तकात हाच आग्रह धरला होता. जाहिरातीतल्या कूपनावर निराळी खूण ठेवायची, म्हणजे कोणत्या मजकुरानं माणसं आणली ते कळतं. आपल्याला हे फुकटात करता येतं. निम्म्या हँडबिलांत एक ओळ छापा आणि 'फराळ' असं पाठवायला सांगा. उरलेल्यांत दुसरी ओळ छापून 'चकली' पाठवायला सांगा. आलेले मेसेज वहीत मांडा. ऑर्डर कोणाची पक्की झाली तेही लिहा, कारण नुसत्या चौकश्यांनी तेलाचा डबा येत नाही.

आणि एक काम आजच करा. स्वतःची जाहिरात घ्या, शेजाऱ्याच्या फोनवरून तिच्यातल्या नंबरावर, तिच्यातल्याच वेळेला फोन लावा. कोणी उचलतं का, दर नीट सांगतं का, ते ऐका. उचलत नसेल, तर नवी हँडबिलं छापायच्या आधी तेवढं दुरुस्त करा.