रेसिडेंट डॉक्टर, पहिला स्टायपेंड आणि एक पॉलिसी

आजचा विषय माझ्या क्षेत्रातला नाही. मी सॉफ्टवेअरवाला. पण बारावीला माझ्या बेंचवर बसणारा मित्र आज एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि त्याच्यामुळे मला हा हिशेब शिकावा लागला.

बघा, मी बीटेक करून बाविसाव्या वर्षी कमवायला लागलो. त्याचं एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग नीट पीजीची तयारी, आता एमडीची 3 वर्षं. पुढे डीएम करायचं म्हटलं तर अजून 3. म्हणजे माझी एसआयपी जुनी झाली, तेव्हा त्याच्या हातात धड स्टायपेंड यायला लागला. त्याला वाटायचं, "आपण मागे पडलो रे." आणि नेमकी हीच भीती एका एजंटने हेरली.

हॉस्टेलवर येऊन त्याला पॉलिसी विकली. वर्षाला 1 लाख प्रीमियम, 20 वर्षं. "डॉक्टरसाहेब, सेव्हिंग पण, इन्शुरन्स पण!" नाइट ड्युटी करून आलेला माणूस, सही करून मोकळा.

त्याने मला फोन केला, तेव्हा मी एकच विचारलं, "तुझं कर्ज किती?" खासगी कॉलेज, एमडीसाठी 10 लाखांचं शैक्षणिक कर्ज, व्याज 10 टक्के, वडील सहकर्जदार. अशा पारंपरिक पॉलिसीत परतावा साधारण 5-6 टक्के पडतो. म्हणजे 10 टक्क्यांनी घेतलेले पैसे न फेडता 5-6 टक्क्यांवर ठेवायचे. यात सेव्हिंग कुठंय?

आता गंमत ऐका. कोर्स चालू असताना आणि नंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो. पण व्याज चालूच असतं! पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात, तरी सोप्या हिशेबासाठी 10 लाख एकदम धरू. 4 वर्षांत सरळव्याजाने 4 लाख चढले, म्हणजे ईएमआय 14 लाखांवर सुरू होणार. दरमहा 8,333 रुपये भरले, तर हे व्याज साचतच नाही. वर्षाचे किती झाले? 1 लाख. म्हणजे तोच प्रीमियम! शिवाय काही बँका असं व्याज वेळेत भरणाऱ्याला दरात सवलत देतात, बँकेत विचारा.

एक बारकावा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि 8 वर्षांचं घड्याळ व्याज भरायला लागल्यापासून चालू होतं. त्यामुळे भरायच्या आधी सीएला दाखवा.

मग इन्शुरन्स नको का? हवाच! त्याला काही झालं तर कर्ज वडिलांच्या डोक्यावर. त्यासाठी साधा टर्म इन्शुरन्स, वेगळा हेल्थ इन्शुरन्स. स्टायपेंड उशिरा येतो तेव्हासाठी 3-4 महिन्यांचा खर्च बचत खात्यात. बस्स. शेअर, फ्लॅट, गाडी, सगळं नंतर.

आणि ती पॉलिसी? कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. आम्ही एकोणिसाव्या दिवशी अर्ज दिला. थोडी कपात होऊन पैसे आले.

तो मागे नाहीये, मंडळी. त्याची शर्यतच उशिरा सुरू होते. तोवर पायात बेडी अडकू द्यायची नाही, एवढंच. तुमचा कुणी रेसिडेंट मित्र असेल तर हा एपिसोड त्याला पाठवा. ड्युटी संपल्यावर ऐकेल बिचारा. भेटू पुढच्या भागात!