पाणी किती फूट आलं?

हेडफोन लावले का? गाडीवर असाल तर जरा कडेला घ्या, आजचा एपिसोड घरातला आहे. आणि पाण्यातला पण.

कोल्हापुरात जुलैमध्ये कुणी ‘काय चाललंय?’ असं विचारत नाही. ‘पाणी किती फूट आलं?’ असं विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका पातळी. बाहेरगावच्या श्रोत्यांनो, आमच्या पोरांना हे आकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतात. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. त्यामुळं ४३ म्हटलं की इथल्या प्रत्येक घरात कुणीतरी एकदम गप्प होतं.

मी सांगतोय तो आठवडा २०२४ चा. गुरुवार, २५ जुलै ते पुढचा गुरुवार, १ ऑगस्ट.

पहिल्या गुरुवारी तीन गोष्टी झाल्या. राधानगरी भरलं. आमच्या अपार्टमेंटची मोटार जळाली. आणि आत्या आली.

राधानगरीचं आधी सांगतो. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, त्याला ७ स्वयंचलित दरवाजे. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, कुणी साहेब बटण दाबत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. थोरला दहावीत आहे, त्यानं लगेच हिशेब केला: सेकंदाला साधारण ४० हजार लिटर. म्हणजे आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या ४० टाक्या, एका सेकंदात. आणि हे तो मला कधी सांगतोय? मी तिसऱ्या मजल्यावर दोन बादल्या घेऊन चढतोय तेव्हा.

आत्या चिखलीची. प्रयाग चिखली, जिथं नद्यांचा संगम होतो आणि पंचगंगा सुरू होते. पाणी वाढलं की चिखली आणि आंबेवाडी आधी हलतात. माणसं, जनावरं सोनतळीला जातात, काही पाहुण्यांकडं. आत्या आमच्याकडं आली, मामा चार म्हशी घेऊन सोनतळीला. मामा सत्तरीचे. ‘तुम्ही पण चला की’ म्हटलं, तर म्हणाले, “म्हशी लिफ्टमधनं येत्यात व्हय?” आमच्याकडं लिफ्टच नाही, पण मुद्दा कळला.

शुक्रवारी पहाटे साडेचारला घरातले सगळे लाईट लागले. आत्याची धारा काढायची वेळ! म्हशी नाहीत, मग काय करायचं? तिनं पोरं उठवली. शाळेला पुराची सुट्टी आणि पोरं पावणेपाचला दात घासतायत! थोरला मला हळूच म्हणतो, “पप्पा, शाळा कधी सुरू होणार?” दहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं पोरानं.

मग चहा. पिशवीचं दूध पातेल्यात ओतून आत्या बराच वेळ बघत बसली. “ह्याला साय धरंल व्हय रं?” बायकोची बँक चालू होती, तिला नऊला निघायचं होतं, आणि आत्या दुधाकडं बघत बसलेली. बायकोनं शांतपणे गॅस मोठा केला. (तिनं त्या आठवड्यात जो संयम दाखवला त्याबद्दल मी वेगळा एपिसोड करीन. ती ऐकते.)

धाकटी चौथीत. तिनं बाथरूममधल्या निळ्या बादलीवर स्केचपेननं दोन रेघा मारल्या, ३९ आणि ४३. दर तासाला बुलेटिन: “आई, बादली इशारा पातळीच्या खाली गेलेली आहे, नागरिकांनी अंघोळी टाळाव्यात.” तेवढंच घरात हसू होतं, कारण शुक्रवारी रात्री मामांचा फोन लागेना.

रत्नागिरी रस्त्यावर पाणी आलेलं, म्हणजे तिकडं जायची सोय नाही. व्हॉट्सॲपवर कुठल्या सालातले व्हिडिओ फिरत होते देव जाणे, आत्या प्रत्येकात म्हशी शोधायची. कुणी झोपलं नाही. साडेचारला लाईट लागले तेव्हा सगळे जागेच होतो.

शनिवारी साडेसातला फोन आला. कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाईल चार्ज केला होता म्हणे. आत्यानं ‘जेवलासा का?’ विचारलं. मामा म्हणाले, “म्हशी खायाल्यात.” एवढंच. आत्यानं फोन ठेवला आणि कपाटातली सगळी भांडी काढून घासायला घेतली. घरात पाणी नाही, हे सांगायची हिंमत कुणाची झाली नाही. मी बादल्या घेऊन खाली गेलो.

रविवारी पोरांनी ‘पूर बघायला जाऊया’ लावलं. हा आमच्या गावाचा नाद आहे, मी पण लहानपणापासून गेलोय. आत्या पण चप्पल घालून तयार. शिवाजी पुलाच्या अलीकडं बॅरिकेडपर्यंत गेलो. गर्दी, कणसं, सेल्फी. जत्राच! आत्या कठड्याजवळ जाऊन नुसती उभी राहिली. एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, “आजी, जरा बाजूला व्हा, फोटोत येतायसा.” वाईट नव्हता पोरगा, नीट बोलला. आत्या बाजूला झाली आणि त्यालाच म्हणाली, “काढ बाबा. त्या अंगाला माझी चूल हाय, ती बी येऊ दे फोटोत.”

त्यानं फोन खिशात घातला. कणसाचे पैसे त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत.

सोमवार, मंगळवार, बुधवार यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मोटारवाला ‘उद्या येतो’ म्हणत होता.

आणि मग १ ऑगस्ट. दुपारी एकला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेची फायनल, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. थोरल्यानं मोबाईल डब्याला टेकवून ठेवला, आम्ही सगळे जमिनीवर. आत्याला खेळ समजेना. “कुणावर गोळ्या झाडतंय हे?” “कुणावर नाही आत्याआजी, निशाण्यावर.” “मग एवढा येळ का लावतंय?” थोरला म्हणाला, कांबळवाडीचा आहे, राधानगरी तालुका. तशी ती सरसावून बसली. “राधानगरीचं? आधी पाणी सोडलं, आता ह्यो पोरगा!”

एकेक नेमबाज बाहेर पडत गेला, आपला राहिला. ४५१.४ गुण, ब्राँझ. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक! खाली फटाके वाजले, पावसात. मी मामांना फोन लावला, ओरडूनच सांगितलं.

मामा म्हणाले, “झ्याक! वैरण मिळंल का बघ तिकडं.”

पाणी उतरल्यावर आम्ही सगळे चिखलीला गेलो, फावडी, खराटे घेऊन. थोरल्यानं दिवसभर चिखल ओढला, एकदाही मोबाईल काढला नाही. निघताना आत्यानं निळी बादली मागून घेतली. धाकटीनं दिली, पण आधी स्केचपेननं ५६ ची रेघ पण मारली. आत्या म्हणाली, “ती पूस.” तिनं पुसली.

चला मंडळी, मोटारवाला आलाय वाटतं. पुढच्या बुधवारी भेटूया.