आंबोलीचा वाघ-भेक

उत्तर कोकणात मुरबे-सातपाटीकडे पाऊस लागला की भेक सगळ्यांच्याच ओळखीचा. पण त्याचा एक दुर्मिळ भाऊबंद कोकणच्या दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्गातल्या आंबोलीत राहतो. अंगठ्याएवढा जीव, आणि कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे! २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याचा सख्खा भाऊ कोयनेचा. तो मात्र १९६३ पासून ठाऊक आहे.

आंबोलीच्या जंगलालगत जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारं, आहेत. पहिल्या सरींनी तिथले उथळ खळगे भरले की मादी त्यांतच अंडी घालते. पाऊस दडी मारून बसला, तर खळगा आटतो आणि पिल्लं बेडूकमाशाच्या अवस्थेतच संपतात. त्यात पर्यटकांच्या गाड्या! रात्री रस्ता ओलांडताना कितीतरी भेक चिरडले जातात. ही जात आज अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे.