प्रबंधाचा विषय तालमीत आहे

परिषदेला जमलेले शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक, मार्गदर्शक, संशोधक विद्यार्थी, फिजिओथेरपिस्ट आणि आग्रहाच्या बोलावण्याला मान देऊन आलेली वस्ताद मंडळी,

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ऐन उमेदीच्या वयात यूजिन सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत. सँडोचं नाव तेव्हा जगभर गाजत होतं, आणि विलायती डंबेल्स नि स्प्रिंगा वापरणारे संस्थानिक हिंदुस्थानात बरेच होते. भवानरावांनी वर्षानुवर्षं हा व्यायाम नेमाने केला. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आयुष्यभर त्यांनी तो सोडला नाही. स्वतः नमस्कार घातले, घरच्यांना घालायला लावले आणि मग संस्थानच्या शाळांमध्ये ते सक्तीचे केले. त्यावर पुस्तक लिहिलं. लंडनच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेलं त्यांचं 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' 1938 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता. आज सातारा जिल्ह्यात असलेलं औंध आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी नि कुंडल ही गावं एकाच दरबाराच्या अमलाखाली होती. म्हणजे या दोन जिल्ह्यांतल्या मुलांच्या एका पिढीवर एक मोठा आरोग्यप्रयोग झालेला आहे.

ज्याला आज विद्यापीठांत 'आरोग्य संवर्धन' म्हणतात, ते याहून फार वेगळं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा ओटावा जाहीरनामा 1986 सालचा. औषधपाण्याच्या पलीकडे जाऊन शाळा, घर, कामाची जागा आणि सरकारी धोरण यांतून आरोग्य घडवायचं, असं तो सांगतो. औंधात हे जवळपास अर्धशतक आधी सुरू होतं. एक फरक मात्र मोठा आहे. लोकांना स्वतःच्या आरोग्यावर स्वतःचा ताबा मिळावा, हे जाहीरनाम्याचं मूळ सूत्र. औंधात हुकूम राजाचा होता. सक्तीने नमस्कार घातलेल्या मुलांपैकी किती जणांनी शाळा सुटल्यावर ते चालू ठेवले? किती जणांनी सुटकेचा श्वास टाकला? एका चांगल्या डॉक्टरेटचा हा विषय आहे, आणि तो गावोगावच्या वयोवृद्धांच्या आठवणींत दरवर्षी थोडा थोडा पुसला जात आहे.

औंधच्या राजांवर अभ्यासपूर्ण लेखन झालं आहे. ते केलं जोसेफ ऑल्टर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने. याच ऑल्टरनी बनारसच्या आखाड्यांत राहून मल्लांच्या दिनचर्येवर, खुराकावर आणि ब्रह्मचर्याच्या कल्पनेवर 1992 साली अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. परक्या अभ्यासकाने एवढी मेहनत घेतली याचा आनंदच आहे. पण कवठेपिरान, गोळेश्वर, विटा, कराड इथल्या तालमींवर तशा तोलामोलाचा ग्रंथ आपल्या विद्यापीठांतून यायला हवा, ही अपेक्षा बाळगण्यात काही गैर नाही.

आता गोळेश्वरचं नाव निघालंच आहे. तिथले मल्ल खाशाबा जाधव 1948 साली ऑलिंपिकसाठी लंडनला गेले तेव्हा त्यांचं सगळं शरीर लाल मातीत घडलेलं होतं. तिथे गादीवर लढावं लागलं. सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापूर-कराडकडे पोरासोरांना ठाऊक आहे. तिच्या मानाने कमी सांगितली जाते ती दुसरी गोष्ट. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लढत लांबली, आणि ती संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढायला खाशाबांना बोलावण्यात आलं. दोन लढतींमध्ये विश्रांती मिळायला हवी होती. पण तसा हक्काने आग्रह धरणारा भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता, असं त्या स्पर्धेबद्दल सांगितलं जातं.

'क्रीडा-कामगिरीचं नेतृत्व' असं भारदस्त नाव असलेल्या विषयाचा गाभा या प्रसंगात आहे. नियम माहीत असलेला, थकलेल्या स्नायूला किती वेळ लागतो हे समजणारा आणि पंचांसमोर ठामपणे उभा राहणारा माणूस खेळाडूच्या बाजूला असणं, हे नेतृत्व. प्राचार्य खर्डीकरांनी कराड ते हेलसिंकी ही वाट मोकळी केली. आखाड्याच्या कडेला मात्र कोणी नव्हतं.

माती आणि गादी यांतला फरक आजही मिटलेला नाही. जत्रेच्या मैदानात निकाली कुस्ती पंधरा-वीस मिनिटं चालू शकते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. एकीकडे दमसास, दुसरीकडे स्फोटक जोर. मग जत्रेचा हंगाम करून थेट गादीवर उतरणाऱ्या पोराच्या गुडघ्याचं, मानेचं काय होतं? आठवड्याभरात वजन उतरवण्यासाठी पाणी तोडणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या शरीरात काय घडतं? मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. त्या दिवसापासून मुलींची तालीम हा या भागातला खरा विषय झाला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. अशा समाजातून आलेल्या मुलीला मुलांचाच खुराक नि मुलांचंच मेहनतीचं वेळापत्रक देऊन भागेल का? तालमीतला वस्ताद हे प्रश्न रोज विचारतो. उत्तरासाठी त्याने कुणाकडे जावं?

30 जुलै 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर 55 किलो गटात सुवर्णाच्या अगदी जवळ होता. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात 139 किलो उचलताना उजव्या कोपराला इजा झाली. तरीही तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. वजन पेललं नाही. एकूण 248 किलो आणि रौप्यपदक. मलेशियाच्या विजेत्याचे 249. एका किलोचं अंतर आणि एक कोपर. हे कोपर संशोधकाने जवळून पाहण्यासारखं आहे: बार डोक्यावर स्थिरावताना सांध्यावर येणारा ताण, आधीच्या महिन्यांतला सराव, झोप, आहार, दुखणं लपवण्याची सवय. आपल्याकडे खेळाडू हळद-तेल लावून सरावाला येतो आणि दुखतंय हे सांगत नाही, कारण सांगितलं तर निवड जाईल ही भीती. इजांची साधी नोंदवही ठेवणाऱ्या व्यायामशाळा हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील. तीन हंगाम अशी वही इमानाने ठेवली, तर उत्तम प्रबंधाचा पाया तिथेच तयार होतो.

आणि सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला हा जवान मूळचा बॉक्सर. पोहणं त्यांच्या आयुष्यात आलं ते उपचार म्हणून. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल त्यांनी 37.33 सेकंदांत पार केली आणि भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण मिळालं. आरोग्य संवर्धन, व्यायामशास्त्र आणि उच्च कामगिरी या विद्यापीठातल्या तीन वेगळ्या शाखा. पेटकरांच्या आयुष्यात ती एकच सलग रेषा होती. त्याच जिल्ह्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने 2024 साली पॅरिसला 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. या दोघांमधल्या 52 वर्षांत अपंग व्यक्तींच्या व्यायामावर मराठी मुलखात किती गांभीर्याने काम झालं, याचा हिशेब या परिषदेने मांडायला हवा.

पदकं ही या विषयाची एक कड. दुसरी कड रोजच्या कामाची. जेरी मॉरिस यांनी 1953 साली लंडनच्या डबल डेकर बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त, जिने चढणाऱ्या वाहकांना कमी. निष्कर्ष गाजला. पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. त्यांनी गणवेशाच्या पँटींची मापं काढली आणि चालकांची कंबर नोकरीला लागतानाच मोठी होती का, हे तपासलं. ती तशी होती, हेही त्यांनी 1956 साली छापून टाकलं. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच शंका घेण्याची ही वृत्ती कुठल्याही संख्याशास्त्राच्या पेपरात शिकवता येत नाही. सातारा आणि सांगलीच्या एसटी आगारांत चालक-वाहक आहेत, सांगलीच्या हळदबाजारात पोती वाहणारे हमाल आहेत, विट्याच्या यंत्रमागांवर उभ्याने पाळी काढणारे कामगार आहेत, उसाच्या फडात वाकून कोयता चालवणाऱ्या बाया आहेत. त्यांच्या शरीराला कष्ट भरपूर, व्यायाम नाही. या दोहोंतला फरक मोजून सांगणारा अभ्यास त्यांच्या उपयोगाचा ठरेल.

परदेशी मापं जशीच्या तशी लावण्याचा धोकाही इथेच येतो. केनेथ कूपर यांची बारा मिनिटांची धाव 1968 मध्ये प्रसिद्ध झाली ती अमेरिकी हवाई दलातल्या पुरुषांवर बेतलेली होती. ती आपल्याकडे शाळकरी मुलींपर्यंत बिनदिक्कत वापरली जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आपलं दोघांचं छायाचित्र छापलं: दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वरून सडपातळ दिसणारं मराठी शरीर आतून वेगळं असतं, हे एका छायाचित्राने जगाला पटवलं. मग म्हसवड-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात वाढलेल्या मुलाचे तंदुरुस्तीचे निकष कोणते? माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओत 3,000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी, 2023 मध्ये बर्लिनला धनुर्विद्येची जगज्जेती झाली. त्यांच्या मागे येणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या खांद्यावर, हाडांवर किती भार टाकावा, हे इथल्याच मुलींची मापं घेऊन ठरवावं लागेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं ठेवली आणि शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. या सवलतीचा उपयोग प्रबंध लवकर उरकायला होऊ नये. सुटलेला वेळ मैदानात जावा. कबड्डी आणि खो-खोच्या खेळाडूंना प्रश्नावली वाटून दोन गटांची तुलना करणारे प्रबंध आता पुरेसे झाले.

भाषेचंही बोलायला हवं. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत सिद्ध केले, तेही एका महायुद्धाच्या टंचाईत. आज इंग्रजीत लिहिलेला प्रबंध ज्या तालमीत मापं घेतली त्या तालमीत कधी पोहोचत नाही. म्हणून मार्गदर्शकांना कळकळीची विनंती आहे: प्रत्येक विद्यार्थ्याकडून वीस पानांचा मराठी सारांश लिहून घ्या आणि तो आधी वस्तादांना वाचून दाखवा. त्यांना न पटलेले मुद्दे तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यापुढे ठेवा. आज दुपारच्या सत्रात वस्ताद आणि प्रशिक्षक आपापले प्रश्न मांडतील, संशोधकांनी ते उतरवून घ्यायचे आहेत. त्यांची यादी महिन्याभरात दोन्ही जिल्ह्यांतल्या सर्व मार्गदर्शकांकडे जाईल, आणि पुढच्या नोंदणीच्या वेळी सिनॉप्सिससोबत ती समोर ठेवूनच विषय ठरावेत.