लोहाराचा पोरगा, राजाचा उजवा हात

आज जाऊया ट्यूडर काळातल्या इंग्लंडमध्ये. आपला माणूस आहे थॉमस क्रॉमवेल.

बाप पटनी गावचा लोहार, बिअरही बनवायचा. ना घराण्याचं नाव, ना विद्यापीठाची पदवी. पोरगा तरुणपणीच युरोपात गेला, भाषा आणि व्यापार शिकला. परत येऊन वकिली करू लागला आणि कार्डिनल वूल्झीच्या नोकरीत शिरला. वूल्झी म्हणजे राजाचा सगळ्यात मोठा मंत्री.

राजा आठवा हेन्री याला राणी कॅथरीनशी झालेलं लग्न रद्द करून हवं होतं. पोपकडून ते काम वूल्झीला जमलं नाही. १५२९ मध्ये तो पडला. मालक बुडाला की नोकरही बुडतो, नाही का? पण क्रॉमवेल त्याच वर्षी पार्लमेंटात पोचला आणि थोड्याच काळात राजाच्या सल्लागारांतही.

त्याचं डोकं कुठे चाललं बघा. पोपची परवानगी हवीच कशाला? कायदाच बदलूया! १५३३ मध्ये रोमकडे अपील बंद. १५३४ मध्ये राजाच चर्चचा प्रमुख. मग मठ बंद, त्यांच्या जमिनी राजाकडे.

पण ही सगळी सत्ता एकाच माणसाच्या मर्जीवर उभी होती. क्रॉमवेलनं जुळवून आणलेली चौथी राणी, क्लीव्ह्जची ॲन, हेन्रीला आवडली नाही. दरबारातले शत्रू टपलेलेच होते. १५४० च्या एप्रिलमध्ये क्रॉमवेल अर्ल झाला, जूनमध्ये अटक. खटला चाललाच नाही, पार्लमेंटनं कायदा करून दोषी ठरवलं. हेच हत्यार त्यानं आधी इतरांवर चालवलं होतं!

२८ जुलैला त्याचा शिरच्छेद झाला. त्याच दिवशी हेन्रीनं पाचवं लग्न केलं.

कायद्यानं वर आला, कायद्यानंच गेला. तुम्हाला काय वाटतं, नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!