रानातील मोटरसायकल शर्यत आणि कॅमेऱ्याचे भिंग

निपाणीहून बेळगावमार्गे जांबोटी-कणकुंबीकडे जाणाऱ्या प्रवाशास एकाच दिवसात दोन निराळे मुलूख पाहावयास मिळतात. निपाणीच्या बाजूस तंबाखूची मोकळी शेते, लख्ख ऊन आणि दूरवर पोहोचणारी नजर. जांबोटीच्या पुढे सह्याद्रीची दाट झाडी, तांबडी माती आणि भर दुपारीही न हटणारी सावली. आडरानातील मोटरसायकल शर्यतींची छायाचित्रे घेऊ इच्छिणाऱ्याने हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा. भिंग कोणते घ्यावे याचे उत्तर दुकानातील फळीवर नसून या भेदात आहे.

या क्रीडाप्रकाराचा आरंभ इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे १९२४ साली झालेल्या शर्यतीपासून मानला जातो. योगायोग असा, की त्याच वर्षी जर्मनीतील ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने ‘एर्मानॉक्स’ हा कॅमेरा विक्रीस काढला. लुडविग बेर्टेले यांनी त्यासाठी आखलेले भिंग एफ २ इतक्या मोठ्या छिद्राचे होते. त्यामुळे मंद उजेडात, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने चित्र घेणे शक्य झाले. भिंगावरील हा ‘एफ’चा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि आत येणारा प्रकाश अधिक. रानात सर्वांत आधी पाहावयाचा तो हाच आकडा होय.

याचा हिशोब सोपा आहे. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ठेवून एफ २.८ वर सेकंदाच्या चार हजाराव्या भागात चित्र निघते. दाट झाडीखाली उजेड उन्हाच्या चौसष्टाव्या हिश्श्यावर उतरला असे धरले, तर त्याच चित्रास सेकंदाचा साठावा भाग लागतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटरसायकल तेवढ्या अवधीत सुमारे १७ सेंटिमीटर पुढे सरकते आणि स्वाराचा चेहरा पुसट होतो. सेकंदाचा हजारावा भाग साधला, तर ती सरकते केवळ एक सेंटिमीटर. त्यासाठी एफ २.८ च्या भिंगास आयएसओ १६०० पुरते, एफ ५.६ च्या भिंगास मात्र ६४०० लागते आणि चित्रात रवाळपणा येऊ लागतो.

दुसरा प्रश्न भिंगाच्या लांबीचा. क्रीडाचित्रण म्हटले की नवशिक्याचे मन लांब पल्ल्याच्या भिंगाकडे धावते. परंतु झाडीत नजरच दहा-वीस मीटरवर अडते. ३६ मिलिमीटर रुंद चौकटीच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरचे भिंग लावले, तर दहा मीटरवर जेमतेम सव्वा मीटर रुंदीचा भाग चित्रात मावतो; दोन मीटर लांबीची मोटरसायकल त्यात बसणार कशी? तेथेच ८५ मिलिमीटरचे भिंग सव्वाचार मीटर रुंदी टिपते. स्वार, वाहन आणि भोवतालचे बुंधे अशी सारी हकीकत त्यात येते. पंचवीस मीटरची मोकळी सरळ वाट मिळाली, तर २०० मिलिमीटर उपयोगी पडते. म्हणूनच ७० ते २०० मिलिमीटरचे, एफ २.८ चे भिंग या कामी उत्तम समजले जाते. मात्र ते महाग असते आणि अनेकदा त्याचे वजन दीड किलोच्या घरात जाते.

लग्नसमारंभांच्या छायाचित्रणावर चरितार्थ चालविणाऱ्या तरुणाने केवळ या हौसेपायी कर्ज काढण्याचे कारण नाही. मांडवात वापरावयाचे ५० किंवा ८५ मिलिमीटरचे, एफ १.८ चे भिंग बहुधा त्याच्या पेटीत असतेच. एफ २.८ च्या मानाने ते सुमारे अडीचपट प्रकाश आत घेते. त्याची अडचण एवढीच, की ८५ मिलिमीटरच्या भिंगाने दहा मीटरवर जेमतेम दीड मीटर खोलीचा पट्टाच स्पष्ट उमटतो आणि स्वार तो पट्टा निमिषात ओलांडतो. यास्तव वळणावरील एखादे मूळ किंवा दगड हेरून भिंग आधीच त्यावर स्थिर करावे आणि स्वार तेथे येताच कळ दाबावी. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित यंत्रणेवर भिस्त ठेवल्यास ती पुष्कळदा मधल्या बुंध्यावरच थबकते.

ज्याच्यापाशी एफ ५.६ चेच भिंग आहे, त्यानेही निराश होऊ नये. सेकंदाचा साठावा भाग ठेवून स्वाराबरोबर कॅमेरा समगतीने फिरविला, तर स्वार स्पष्ट राहतो, झाडे रेषांप्रमाणे मागे धावतात आणि वेग चित्रात उतरतो. निपाणीकडील मोकळ्या माळावर तर हेच भिंग पूर्ण कामास येते.

काही पथ्ये मात्र सर्वांनीच पाळावीत. तांबड्या धुळीत भिंग बदलू नये. झाडीच्या अंधारात स्वाराच्या डोळ्यांवर फ्लॅश टाकू नये. क्षणभर दिपलेली दृष्टी त्याच्या जिवावर बेतू शकते. रुंद दृश्याच्या भिंगासाठी जवळ जावे लागते, तरी वळणाच्या बाहेरील कडेस कधीही उभे राहू नये. तोल गेलेले वाहन तिकडेच फेकले जाते. खानापूर तालुक्यातील भीमगडचे रान हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची मर्यादा तेथे स्वार आणि छायाचित्रकार या दोघांनाही बांधते. शर्यती भरवावयाच्या त्या मालकाच्या संमतीने, खासगी जागेत.

भिंग खरेदी करण्यापूर्वी शर्यतीच्या वाटेवर एकदा पायी हिंडून यावे. कोठे किती उजेड पडतो आणि नजर किती दूर जाते, हे त्याच वेळी टिपून ठेवावे. एवढे टिपण हाती असले, म्हणजे दुकानदाराच्या आग्रहास बळी पडण्याचा प्रसंग येत नाही. बहुतेकांना घरातील भिंगच पुरेसे आहे असे आढळेल, आणि वाचलेला पैसा शर्यतीच्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्यास उपयोगी पडेल.