बाळंतें बदलण्याची वेळ

(महोत्सवानिमित्त भरलेल्या मातापित्यांच्या सभेंत धर्मग्रामाच्या प्रमुख फादरांनीं केलेलें भाषण)



या महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत श्रद्धा, शिक्षण आणि सहकार अशा भारदस्त विषयांवर विद्वान वक्ते बोलून गेले. माझ्या वांट्यास बाळंतीं आलीं आहेत. किंबहुना मीं तीं मागून घेतलीं आहेत. कार्यक्रमपत्रिका वाचून कांहीं वडीलधाऱ्या मंडळींनीं मला विचारलें कीं, देवळाच्या व्यासपीठावर हा विषय शोभेल काय? त्यांस माझें उत्तर असें कीं, संत लूकानें आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत या वस्त्राचा उल्लेख एकदां नव्हे, दोनदां केला आहे. पवित्र मरियेनें आपल्या पुत्राला बाळंत्यांत गुंडाळलें हें तो सांगतो. आणि पुढें मेंढपाळांनीं तारणाऱ्याला ओळखावें कसें, याची खूण म्हणून देवदूत बाळंत्यांत गुंडाळलेलें तान्हें मूलच सांगतो. जुन्या करारांतील ज्ञानग्रंथाच्या ७ व्या अध्यायांत तर शलमोन राजाच्या मुखीं स्पष्ट कबुली घातली आहे कीं, तोही बाळंत्यांतच वाढला आणि कोणत्याही राजाचा आरंभ याहून निराळा झालेला नाहीं. तेव्हां शोभण्याचा प्रश्न येथेंच मिटवूं.

आतां थोडा हिशेब. पहिल्या महिन्यांत बाळंतें दिवसांतून दहा-बारा वेळां बदलावें लागतें. पुढें तें प्रमाण उतरतें. वर्षभराची सरासरी दिवसाला आठ धरली तरी वर्षाला तीन हजारांच्या आसपास वेळां हें काम होतें. प्रत्येक वेळीं पांच मिनिटें धरा, म्हणजे अहोरात्र मिळून दहा दिवस भरतात. हे दहा दिवस आईनें आणि मुलानें झुंजत घालवावे कीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत घालवावे, हा आजचा प्रश्न आहे.

झुंज होते, हें आपण सर्व जाणतों. पहिल्या महिन्यांत मूल गार हवेनें आणि गार हातानें दचकून किंचाळतें. आठ-नऊ महिन्यांचें झालें कीं पालथें होऊन रांगत सुटतें. दीड वर्षाचें झालें कीं लंगोट दिसतांच कपाटामागें दडतें. मग एकानें हात धरावे, दुसऱ्यानें पाय धरावे, मुलानें आक्रोश करावा आणि शेवटीं सर्वांनींच घाम पुसावा, असा प्रकार चालतो. माझें सांगणें एवढेंच आहे कीं, हें काम मुलावर करावयाचें नसून मुलाबरोबर करावयाचें आहे. एवढा फरक मनांत ठसला कीं निम्मी झुंज आपोआप संपते.

ही कल्पना माझी नव्हे. सन १९४६ मध्यें हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथें डॉ. एम्मी पिकलर (१९०२–१९८४) या बालवैद्य बाईंनीं आईबापांपासून दुरावलेल्या तान्ह्या मुलांसाठीं एक घर काढलें. तें ज्या रस्त्यावर होतें त्यावरून लोक त्याला लोत्सी म्हणत. एका दाईकडे अनेक मुलें. अशा ठिकाणीं बाळंतीं कारखान्यांतल्या मालासारखीं भराभर बदललीं जाण्याचा धोका फार. पिकलरबाईंनीं दायांना नेमकें उलट शिकविलें. न्हाऊं घालतांना, भरवितांना, बाळंतें बदलतांना घाई करावयाची नाहीं. काय करणार तें मुलाला आधीं सांगावयाचें, हात पुढें करून क्षणभर थांबावयाचें, आणि मुलानें आपण होऊन अंग सैल सोडण्याची वाट पाहावयाची. चार दिवसांच्या मुलाला काय कळतें, असें कोणी म्हणेल. शब्द कळत नसतील. आवाज कळतो, थांबणें कळतें, आणि तेंच तेंच रोज त्याच क्रमानें घडलें म्हणजे पुढें काय येणार तें हळूहळू कळूं लागतें. आमच्या आज्या पाय लांब करून बाळाला पायांवर घेत आणि अखंड बोलत बोलत त्याला न्हाऊं घालीत, त्यांना हें बुडापेस्टला जाऊन शिकावें लागलें नव्हतें. आतां मात्र एका हातांत मोबाईल धरून दुसऱ्या हातानें लंगोट सोडणाऱ्या तरुण मंडळींना तें सांगावें लागतें.

पूर्वतयारीविषयीं फार बोलत नाहीं. कोमट पाणी, मऊ फडकें, कोरडें बाळंतें, तेल, मळकें टाकण्यास झांकणाचा डबा, हें सर्व हातांच्या अंतरावर असल्यावांचून बाळाला खालीं ठेवूं नये. आमची जमिनीवरची चटई या कामास उंच मेजापेक्षां शतपटीनें चांगली, कारण चटईवरून कोणी पडत नाहीं. पलंगावर बदलावयाचें असेल तर एक हात सदैव बाळाच्या पोटावर असावा. जें मूल काल कुशीवर वळत नव्हतें तें आज वळूं शकतें. आपले हात आधीं चोळून ऊन करावे. दोन्ही पाय घोट्यांत धरून कंबर उंच उचलण्यापेक्षां बाळाला हलकेंच कुशीवर वळवावें. त्याला तें कमी भयंकर वाटतें. मुलगी असेल तर पुढून मागें पुसावें, म्हणजे मळ लघवीच्या मार्गाकडे जात नाहीं. मुलगा असेल तर कातडी मागें ओढण्याचा उपद्व्याप करूं नये. नाळ गळेपर्यंत लंगोट बेंबीच्या खालीं दुमडावा. आणि दुपट्यांत बाळाचे पाय काठीसारखे सरळ ताणून आवळण्याची जुनी चाल सोडावी. त्यानें खुब्याचा सांधा बिघडूं शकतो. मांड्या बेडकासारख्या दुमडलेल्या आणि मोकळ्या राहिल्या पाहिजेत.

पुष्कळदां मूल बाळंत्याला भितें त्याचें कारण स्वभावांत नसून कातडींत असतें. तेथें आग होत असते, आणि प्रत्येक पुसण्यानें ती वाढते. ओलाव्यानें कातडी फुगते, फुगलेली कातडी घासली जाते, आणि लघवी व मळ एकत्र आले कीं मळांतील पाचक द्रव्यें अधिकच जोरानें तिला खाऊं लागतात. त्यावर पहिलें औषध म्हणजे लवकर बदलणें, आणि दुसरें म्हणजे हवा. दिवसांतून दोन-तीन वेळां दहा मिनिटें बाळाला उघड्या अंगानें चटईवर खेळूं द्यावें. पाण्यानें धुवावें, घासूं नये, मऊ फडक्यानें टिपावें, मग खोबरेल तेलाचा किंवा जस्ताच्या मलमाचा पातळ थर द्यावा. पावडर नको, तिची धूळ बाळाच्या श्वासांत जाते. लाली घड्यांच्या आंत शिरली, तिच्या कडेनें बारीक तांबडे ठिपके उठले, किंवा तीन दिवसांत ती उतरली नाहीं, तर ती बहुधा बुरशी असते, आणि ती डॉक्टरांना दाखवावी. कपाटांत उरलेलें खाजेचें मलम शेजारणीच्या सांगण्यावरून लावूं नये. त्यांत पुष्कळदां असें औषध असतें कीं, जें तान्ह्या कातडीला पातळ करतें.

जुन्या लुगड्यांचीं बाळंतीं उत्तम, यांत शंका नाहीं. पण तीं नीट धुतलेलीं हवींत. आधीं गार पाण्यानें मळ काढावा, मग गरम पाणी व साबण, आणि साबणाचा अंश राहणार नाहीं असें खळबळून उन्हांत वाळवावें. पावसाळ्यांत दोरीवर आठवडाभर दमट राहिलेलें बाळंतें इस्त्रीनें पुरतें कोरडें केल्यावांचून वापरूं नये. भिजत घातलेल्या बादलीवर झांकण पाहिजेच. रांगतें मूल बादलींत डोकावतें, आणि वीतभर पाणीही त्याच्या जिवावर बेतूं शकतें. विकतचे डायपर वापरणाऱ्यांनीं, ते महाग म्हणून किंवा वेष्टनावर बारा तास लिहिले आहेत म्हणून, बारा तास ठेवूं नयेत. मळ झाला कीं ताबडतोब काढावे, कागदांत गुंडाळून कचऱ्याच्या डब्यांत टाकावे. आपल्या विहिरींपलीकडच्या ओढ्यांत ते तरंगतांना मीं पाहिले आहेत, त्याविषयीं दुसऱ्या एखाद्या रविवारीं वेदीवरून बोलेन.

आतां दीड वर्षाचा तो कपाटामागचा फरारी. त्याची बाजू कोणी ऐकून घेत नाहीं. तो तीन डबे एकावर एक रचीत असतो, चौथा ठेवण्याच्या बेतांत असतो, इतक्यांत पाठीमागून दोन हात येतात आणि तो आकाशांत उचलला जातो. आपण जेवीत असतांना कोणी आपलें ताट असें ओढलें तर आपण काय करूं? त्याला आधीं सांगा: एवढा डबा ठेव, मग आपण लंगोट बदलूं. मग खरोखरच थांबा. नवा लंगोट त्यालाच आणूं द्या, दोहोंतला कोणता हवा तें त्याला निवडूं द्या; बदलावयाचें कीं नाहीं, हें मात्र त्याला विचारूं नका, कारण तें आपण त्याच्यावर सोडणार नाहीं आणि खोटा प्रश्न मुलाला लगेच ओळखूं येतो. उभ्यानें बदलतां येत असेल तर उभ्यानें बदला. फडकें त्याच्या हातीं द्या. नीट पुसणार नाहीं, पण लाथ मारणार नाहीं. शौचकूपाची संवय दोन वर्षांच्या सुमारास त्याच्या कलानें लागेल. पायांवर बसविण्याची आपली चाल चांगली आहे, जोंपर्यंत ती शिक्षा होत नाहीं तोंपर्यंत.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कठोर बोलूं द्या. बाळंतें सोडतांना नाक मुरडून छी-छी करण्याची, घाणेरडा म्हणण्याची, भावंडांसमोर हसण्याची जी संवय आपल्या घरांत आहे, ती पाप म्हणण्याइतकी नसली तरी निरुपद्रवी नाहीं. आपलें शरीर कसें आहे याची पहिली बातमी मुलाला आपल्या चेहऱ्यावर वाचावयास मिळते. बाप्तिस्म्याच्या वेळीं आपण त्याच शरीरावर पवित्र तेल लावून त्याला शुभ्र वस्त्र नेसवितों. शी झाली, आतां स्वच्छ करूं, एवढें साध्या आवाजांत म्हणणें पुरेसें आहे.

आणि पुरुषमंडळींनो, आपण हसत आहांत तें मला दिसतें. जर्मनींतील आखेन येथील महामंदिरांत प्रभूचीं बाळंतीं म्हणून जपलेलें एक वस्त्र आहे. सन १३४९ पासून तें दर सात वर्षांनीं यात्रेकरूंना दाखविण्याचा प्रघात आहे; अलीकडे तें २०२३ मध्यें दाखविण्यांत आलें. तें खरोखर प्रभूचें आहे असें मानण्याचें बंधन ख्रिस्तसभा कोणावर घालीत नाहीं. परंतु त्याविषयीं भाविकांत एक दंतकथा आहे, ती मला फार आवडते. त्या थंड रात्रीं दुसरें कापड नव्हतें, म्हणून संत योसेफानें आपल्या पायांतले मोजे काढून त्यांचींच बाळंतीं करून दिलीं, असें ते लोक सांगत आले आहेत. दंतकथा असो, ज्या लोकांनीं ती रचली त्यांना त्या कुटुंबांतला पिता बाहेर ओट्यावर बसून राहिलेला कल्पितां आला नाहीं, एवढें खरें. दिवसाच्या आठ बाळंत्यांपैकीं दोन बापानें बदललीं तर वर्षांत सुमारें सातशें वेळां त्या बाईला पाठ टेकतां येईल. रात्रीचीं दोन असतील तर अधिक बरें.

देवळाच्या मागच्या सामानाच्या खोलींत महोत्सवाच्या निधींतून चटई, पाण्याचा नळ, साबण, पडदा आणि झांकणाचा डबा यांची सोय केली आहे. मिस्सेच्या वेळीं मूल ओलें झालें तर बाहेर पायरीवर बसण्याचें कारण नाहीं. त्या दारावर कोणीतरी उत्साहानें "फक्त मातांसाठीं" अशी पाटी लाविली होती. ती मीं काल उतरविली. डबा रिकामा करण्याची पाळी पहिले तीन महिने पुरुषांच्या संघाकडे आहे. नांवें सभेनंतर फलकावर लागतील.